नंबर बरोबर, चिप चुकीची: एका डिस्टॉर्शन पेडलचं प्रकरण

हे प्रकरण एका मुक्या पेडलचं आहे. गिटारचं डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारी पायाने चालवायची पेटी: एक ऑप-अ‍ॅम्प (सिग्नल मोठा करणारी चिप), दोन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे), दोन नॉब आणि मूठभर रेझिस्टर-कॅपॅसिटर. बनवणारा माझा भाचा. गिटार चांगली वाजवतो, डाग स्वच्छ मारतो आणि समोरच्या कागदावर त्याचा पूर्ण विश्वास असतो. "मामा, एकूण एक जोडणी डायग्रामप्रमाणे आहे. पुन्हापुन्हा तपासली. तरी आवाज म्हणून नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच हे लिहून ठेवावंसं वाटलं. चुकीचा डाग, उलटा कॅपॅसिटर, तुटलेली वायर असल्या कारणांनी बंद पडलेली पेडलं ढिगाने असतात. त्यांत सांगण्यासारखं फार काही नसतं. इथे जोडणी कागदाबरहुकूम होती आणि पेडल बंद होतं. ते चालू झाल्यावर एकामागून एक आणखी तक्रारी निघाल्या. त्यांतली एकही जोडणीतल्या चुकीची नव्हती. कागदावर जे काढलेलं नसतं, म्हणजे काढणाऱ्याने 'हे तर माहीतच असेल' म्हणून सोडून दिलेलं असतं, तिथेच सगळ्या अडल्या होत्या.

कागद

सर्किट जुनं आणि नावाजलेलं आहे. १९७०च्या दशकात एमएक्सआरने 'डिस्टॉर्शन प्लस' काढलं. डीओडीचं 'ओव्हरड्राइव्ह २५०' जवळजवळ त्याच मांडणीवर उभं आहे. एकात जर्मेनियम डायोड, दुसऱ्यात सिलिकॉन. पहिलंच पेडल करायला घेणाऱ्याला मी नेहमी हेच सुचवतो, कारण भाग कमी आहेत आणि प्रत्येक भागाचं काम कानाला ऐकू येतं.

भाच्याकडे होता तो हाताने काढलेला स्कीमॅटिक, म्हणजे भागांची जोडणी खुणांनी दाखवणारा कागद, जुन्या अमेरिकन धाटणीचा. कॅपॅसिटरशेजारी नुसतं .०४७, .०१, .००१, एकक कुठेच नाही. या पद्धतीत एककाशिवायचा अपूर्णांक मायक्रोफॅरडमध्ये धरायचा. म्हणजे .०४७ हा ४७ नॅनो, आणि प्रत्यक्ष भागावर छापलेलं असतं ४७३: ४७ पुढे तीन शून्यं, पिकोफॅरडमध्ये. .०१ च्या भागावर १०३, .००१ च्या भागावर १०२. रेझिस्टरच्या जागी ४के७ असं लिहिलेलं. 'के' म्हणजे हजार ओहम, आणि तिथे तोच दशांशचिन्हाचं काम करतो. प्रतीवरून प्रत काढताना टिंब उडून ४.७ चे ४७ होऊ नयेत म्हणून ही पद्धत रूढ झाली. हे सगळं भाच्याने बरोबर वाचलं होतं.

आता सिग्नलची वाट. स्कीमॅटिक बहुतेक वेळा डावीकडून उजवीकडे वाचायचा असतो. वर बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू, खाली ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची बाजू. इनपुट जॅकपासून निघालं की आधी १ नॅनोचा कॅपॅसिटर ग्राउंडला जातो, केबलने पकडलेली रेडिओची घाण उतरवायला. मग ओळीत १० नॅनो, मग १०के, आणि आपण ऑप-अ‍ॅम्पच्या + इनपुटवर पोचतो: पिन ३. वरच्या अंगाला ९ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १ मेगचे (दहा लाख ओहमचे) दोन रेझिस्टर एकाखाली एक. त्यांच्या मधल्या बिंदूवर अर्धा म्हणजे ४.५ व्होल्ट मिळतो. तो डोलू नये म्हणून तिथून ग्राउंडला १ मायक्रो. या बिंदूपासून तिसरा १ मेग पिन ३ ला जातो. गिटारचा सिग्नल शून्याच्या वरखाली हलतो आणि आपल्याकडे शून्याच्या खाली जायला व्होल्टेजच नाही, म्हणून त्याला ४.५ वर उचलून धरायचं, एवढाच या तिघांचा उद्योग.

ऑप-अ‍ॅम्पचा आउटपुट पिन ६. तिथून १ मेगचा एक रेझिस्टर मागे वळून पिन २ ला, म्हणजे − इनपुटला येतो. पिन २ पासून ४७ नॅनो, मग ४.७के, मग ड्राइव्हच्या नॉबचं ५००केचं पॉट (नॉब फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) आणि शेवटी ग्राउंड. या उतरत्या फांदीत आणि वरच्या १ मेगमध्ये सगळी वाढ, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होणार ते ठरते. पिन ६ पासून पुढे १ मायक्रो, १०के, आणि मग दोन डायोड, उलटसुलट तोंडांनी, दोन्ही ग्राउंडला. शेजारी १ नॅनो. मग आवाजाचं पॉट आणि आउटपुट जॅक.

डायोड कुठे आहेत हे स्कीमॅटिकवर सगळ्यात आधी बघावं. आउटपुटनंतर ग्राउंडला गेलेले असतील तर सिग्नल एका उंचीवर कापला जातो आणि आवाज खरखरीत, टोकदार होतो. तेच डायोड पिन ६ ते पिन २ च्या मागे वळणाऱ्या वाटेत असते तर काप मऊ झाला असता; आयबनीझच्या ट्यूब स्क्रीमरमध्ये तसं आहे. भागांची यादी वाचून हा फरक कळणार नाही. तो कळायला चित्रच बघावं लागतं.

आणि तरी ते चित्र वस्तूचं नसतं, हा पहिला अडसर. नवख्या माणसाला स्कीमॅटिकमधला डावीकडचा भाग बोर्डावरही डावीकडे हवा असतो. वंशावळीत कोण कुणाचा कोण ते कळतं, कोण कुठल्या खोलीत झोपतो ते नाही, स्कीमॅटिकचंही तेच. या कागदावर ग्राउंडची खूण डझनभर ठिकाणी आहे आणि तो सगळा मिळून एकच बिंदू आहे. पिन २ ला कागदावर दोन वेगळ्या रेषा येऊन मिळतात; बोर्डावर ती तांब्याची एकच पट्टी.

मी रंगीत पेन्सिली वापरतो. ९ व्होल्टला जोडलेलं सगळं लाल, ग्राउंड काळं, सिग्नलची मुख्य वाट हिरवी. उरलेला प्रत्येक जोडबिंदू वेगळ्या रंगाने, एका भागाच्या पायापासून पुढच्या भागाच्या पायापर्यंत. दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे टिंब असेल तर जोड, नसेल तर नुसतं ओलांडणं. रंगवून झालं की जितके रंग तितक्या तांब्याच्या पट्ट्या लागणार, बाकी मांडणी आपल्या सोयीची. भाच्याने न रंगवता हीच मांडणी व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांच्या बोर्डावर) केली होती, आणि अगदी बिनचूक. मी त्याच्या बोर्डावरून उलट स्कीमॅटिक काढला, दोन्ही कागद शेजारी ठेवले. एक रेष इकडची तिकडे नव्हती.

मुकेपणा

आता मल्टिमीटर घेऊन सुटे भाग मोजत बसायचा मोह होतो. तो टाळावा. ज्या यंत्राचं काम आवाज काढणं आहे, त्याचा बिघाड आवाजानेच शोधावा. एक जुनी केबल घ्यायची, तिच्या टोकाला १०० नॅनोचा कॅपॅसिटर लावायचा, शील्डची वायर पेडलच्या ग्राउंडला चिमट्याने पकडायची आणि केबलचं दुसरं टोक अ‍ॅम्पमध्ये. कॅपॅसिटरमुळे डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, अ‍ॅम्पपर्यंत जात नाही. मोकळा पाय हीच आपली शोधणारी सुई. अ‍ॅम्पचा आवाज अगदी कमी ठेवायचा, नाहीतर चुकीच्या जागी टोक लागलं की स्पीकर ठणाणा करतो.

भाच्याने गिटारची एक तार छेडत राहायचं, मी टोक फिरवायचं. इनपुट जॅक: स्वच्छ गिटार. १० नॅनोच्या पलीकडे: तेच. पिन ३: तेच, किंचित बारीक. पिन ६: काही नाही. हिस्ससुद्धा नाही. ऑप-अ‍ॅम्प जिवंत असेल तर एवढी वाढ लावलेल्या पिन ६ वर निदान थोडी फुसफुस हवी.

पेडल बंद करून सॉकेटमधली चिप काढली आणि उजेडात धरून वरची अक्षरं वाचली. टीएल०७२.

कागदावर ऑप-अ‍ॅम्पची खूण असलेल्या त्रिकोणाशेजारी लिहिलेलं होतं '७४१ / टीएल०७१'. "०७१ मिळाली नाही, ०७२ त्याच्यापुढची ना? म्हणजे चांगलीच असणार." हा तर्क मी इतरांकडूनही ऐकला आहे. त्या शेवटच्या आकड्याचा पिढीशी संबंध नाही. एका चिपमध्ये किती ऑप-अ‍ॅम्प भरलेत ते तो सांगतो: ०७१ मध्ये एक, ०७२ मध्ये दोन, ०७४ मध्ये चार. आठ पायांच्या त्याच काळ्या तुकड्यात दोन ऑप-अ‍ॅम्प बसवायचे म्हणजे पायांची वाटणी बदलणार. एकट्या ऑप-अ‍ॅम्पच्या चिपमध्ये पिन ६ आउटपुट, पिन ७ पॉझिटिव्ह पुरवठा, पिन १ आणि ५ बारीक समायोजनासाठी, पिन ८ ला काहीच जोडलेलं नाही. जोडीच्या चिपमध्ये पिन १ पहिल्याचा आउटपुट, पिन ५ आणि ६ दुसऱ्याचे इनपुट, पिन ७ दुसऱ्याचा आउटपुट आणि पॉझिटिव्ह पुरवठा पिन ८ ला. पिन २, ३ आणि ४ मात्र दोन्हींत सारखे.

म्हणजे भाच्याच्या बोर्डावर काय झालं ते बघा. सिग्नल पिन ३ ला बरोबर पोचला. ज्या ऑप-अ‍ॅम्पला तो पोचला त्याचा आउटपुट पिन १ वर, आणि तिथे बोर्डावर काही जोडलेलंच नाही. आपण ज्याला आउटपुट समजून १ मेग मागे वळवला तो पिन ६, दुसऱ्या ऑप-अ‍ॅम्पचा इनपुट. ९ व्होल्ट गेले त्या दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये. आणि खऱ्या पुरवठ्याचा पिन ८ कोरडा. तीन पाय जुळले म्हणून पिन ३ पर्यंत सगळं ठीक दिसत होतं. इनपुटकडून तपासत गेल्याने अडायची जागा नेमकी हाती लागली.

कागद इथे खोटं बोलला नव्हता. त्याने २, ३, ६, ७, ४ असे नंबर दिले होते, ते ७४१ आणि टीएल०७१ साठी अचूक आहेत. पण नंबर चिपचे असतात, त्रिकोणाचे नाहीत. कित्येक स्कीमॅटिकमध्ये तर ७ आणि ४ काढतही नाहीत. त्रिकोणाला तीन टोकं, बस्स, पुरवठा गृहीत. म्हणून चिपची डेटाशीट (बनवणाऱ्या कंपनीने दिलेला माहितीचा कागद) हा स्कीमॅटिकचाच एक भाग मानायचा आणि पायांची आकृती कागदाच्या कोपऱ्यात स्वतः काढून ठेवायची. कुठल्याही चिपच्या बाबतीत माझा हा हट्ट असतो, ओळखीच्या चिपच्या बाबतीत जास्तच.

आउटपुटमधून वीज भरलेली ती चिप मी पुन्हा वापरू दिली नाही. टीएल०७१ आली, सॉकेटमध्ये बसली, पेडल बोललं.

मीटरचा चकवा

बोललं, पण आता भाच्याचा विश्वास उडाला होता आणि तो सगळीकडे मीटर लावत सुटला. अ‍ॅडॉप्टर ९.० दाखवत होता. दोन १ मेगच्या मधोमध ४.५ हवेत, तिथे आले ४.३. पिन ३ वर ३.९. "मामा, रेझिस्टर चुकीचे दिले वाटतं दुकानदाराने."

रेझिस्टर बरोबर होते. आकडाही बरोबर होता, फक्त तो मीटर लावल्यानंतरच्या सर्किटचा होता. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध बहुतेक वेळा १० मेग असतो. ४.७के-१०केच्या सर्किटमध्ये तो कुणाच्या खिजगणतीत नसतो. इथे मात्र मधल्या बिंदूकडे बघताना मीटरला दोन १ मेग समांतर दिसतात, म्हणजे ५००के. ४.५ गुणिले १० भागिले १०.५: ४.२९. पिन ३ वर मध्ये आणखी एक १ मेग, एकूण १.५ मेग, ४.५ गुणिले १० भागिले ११.५, म्हणजे ३.९१. दोन्ही आकडे जुळले.

मधल्या बिंदूवर टोक ठेवलं की आकडा लगेच ४.३ होत नव्हता, ते बघण्यासारखं होतं. आधी ४.५ च्या जवळ दिसायचा, मग दोनेक सेकंदांत घसरत खाली येऊन थांबायचा. तो १ मायक्रोचा कॅपॅसिटर मीटरमधून हळूहळू रिकामा होत होता.

खात्रीसाठी मीटर पिन ६ वर लावला: ४.५, पक्का. ऑप-अ‍ॅम्पचा आउटपुट दणकट असतो, मीटरचं ओझं त्याला जाणवत नाही. मग मीटर तिथेच ठेवून १० मेगचा एक सुटा रेझिस्टर पिन ३ आणि ग्राउंडमध्ये धरला. पिन ६ चा आकडा ३.९ वर आला. म्हणजे मीटर लावल्यावर नेमकं हेच होत होतं. तेव्हा या घराण्यातल्या पेडलचं बायस, म्हणजे सिग्नलला दिलेला हा ४.५ चा टेकू, तपासायचं तर पिन ६ वर तपासायचं.

यातून ४७ नॅनोचं एक काम फुकटात समजतं. पिन ३ ला ४.५ व्होल्ट डीसी आणि वाढ शेकड्यांत, मग आउटपुट वरच्या टोकाला जाऊन का आदळत नाही? कारण पिन २ ची फांदी ४७ नॅनोने डीसीला बंद आहे. डीसीपुरती वाढ फक्त १. तो कॅपॅसिटर चुकून वायरने जोडला असता तर पेडल पुन्हा मुकं झालं असतं किंवा नुसतं भकभकलं असतं.

नॉबचा शेवटचा कोपरा

पुढची तक्रार ड्राइव्हच्या नॉबची. शून्यापासून जवळजवळ टोकापर्यंत फिरवा, फारसा फरक नाही. शेवटच्या चिमूटभर फिरण्यात सगळं डिस्टॉर्शन एकदम अंगावर येतं. पॉट खराब आहे असा भाच्याचा निष्कर्ष.

वाढीचं सूत्र सोपं आहे: १ अधिक, १ मेग भागिले फांदीचा एकूण रोध. फांदीत ४.७के कायमचा आणि पॉटचा जो काही उरलेला असेल तो. पॉट पूर्ण ५००केवर: जवळपास ३ पट. पॉटचा रोध शून्यावर: १००० भागिले ४.७, अधिक १, म्हणजे २१४ पट. आता पॉट सरळ रेषेत बदलणारं असेल तर मधोमध २५०के उरतो, वाढ ५ पट. तीन चतुर्थांशवर १२५के, वाढ ९ पटीच्या आत. नऊ दशांश फिरवून झालं तरी ५०के शिल्लक, वाढ १९. आणि मग शेवटच्या दहाव्या भागात १९ पासून २१४. पॉट ठणठणीत होतं. त्याचा चढ, म्हणजे फिरवताना रोध ज्या रीतीने बदलतो ती रीत, चुकीचा होता.

कागदावर तिथे 'सी५००के' लिहिलेलं होतं. भाच्याने 'सी' सोडून दिला, आणि त्याचं कारण मला पटलं: त्याच कागदावर सी१, सी२, सी३ हे कॅपॅसिटर आहेत. पॉटच्या बाबतीत मात्र ए, बी, सी ही चढाची खूण असते. ए म्हणजे लॉग (आधी हळू, मग झपाट्याने), बी म्हणजे सरळ, सी म्हणजे उलटा लॉग. त्याच्या पॉटच्या पाठीवर बी५००के छापलेलं होतं. आणि एकच मूल्य असलेली ही तीन पॉटं दिसायला सारखीच असतात.

इथे पायांचाही प्रश्न येतो. स्कीमॅटिकवर पॉट म्हणजे नागमोडी रेष आणि तिला टेकलेला बाण. बाण म्हणजे मधला पाय. पण टोकांपैकी कुठलं घ्यायचं, ते बऱ्याच कागदांवर नसतं. दांडा आपल्याकडे आणि पाय खाली ठेवले तर डावीकडून १, २, ३. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की मधला पाय ३ कडे सरकतो, म्हणजे २ आणि ३ मधला रोध कमी होतो. आपल्याला उजवीकडे फिरवल्यावर वाढ हवी, म्हणजे रोध कमी व्हायला हवा. तेव्हा २ आणि ३. मोकळा उरलेला १ मधल्यालाच जोडून टाकायचा. भाच्याने हे नॉब फिरवून, मीटर लावून स्वतः शोधलं होतं, आणि ते बरोबर होतं.

सी पॉटला थांबावं लागणार होतं. तोवर काम भागवायला लॉग म्हणजे ए५००के लावता येतं, पायांची जोडी बदलून १ आणि २ घ्यायची. चढ हवा तसाच मिळतो, फक्त नॉब उलटा चालतो: डावीकडे जास्त. त्याने तसं वाजवून बघितलं आणि सारखं उलट फिरवून वैतागला. पुढे सी पॉट आलं तेव्हा अर्ध्या नॉबवर १५-१६ पटीच्या आसपास वाढ मिळायला लागली.

जाता जाता: २१४ पट ही कागदावरची गोष्ट. गिटारचा १०० मिलिव्होल्टचा सिग्नल त्या हिशेबाने २१ व्होल्ट व्हायला हवा आणि आपल्याकडे आहेत ९. आउटपुट दोन्ही टोकांपासून साधारण दीड व्होल्ट आतच थांबतो. म्हणजे ड्राइव्ह पूर्ण उघडला की आधी ऑप-अ‍ॅम्प स्वतः कापतो, आणि ते कापलेलं डायोड पुन्हा कापतात. डायोडांनाच सगळं श्रेय देणाऱ्यांनी एकदा डायोड काढून वाजवून बघावं.

जी तक्रार तक्रारच नव्हती

"ड्राइव्ह वाढवला की खालच्या तारांचं वजन जातं. कमी ठेवला की परत येतं. कॅपॅसिटर गळका असेल का?"

नाही. हे कागदावर आहे, फक्त लिहिलेलं नाही. मोजून काढावं लागतं. ४७ नॅनो आणि त्याच्या फांदीतला रोध मिळून एक सीमा ठरवतात, तिच्या खालचे स्वर कमी वाढतात. सीमा म्हणजे १ भागिले (२π गुणिले रोध गुणिले कॅपॅसिटर). ड्राइव्ह शून्यावर असताना रोध ५०४.७के, सीमा ७ हर्ट्झच्याही खाली, म्हणजे गिटारपुरती नाहीच. ड्राइव्ह पूर्ण असताना रोध ४.७के, सीमा ७२० हर्ट्झ. गिटारची सगळ्यात जाडी तार ८२ हर्ट्झची. त्या स्वराला २१४ च्या ऐवजी २४ पट वाढ मिळते. नॉब एकच, पण तो वाढ आणि बास दोन्ही हलवतो, आणि हाच या सर्किटचा स्वभाव आहे. जाड्या तारांना पूर्ण वाढ दिली तर कॉर्ड वाजवल्यावर नुसता चिखल होतो, स्वर वेगळे ऐकू येत नाहीत.

तरी वाजवणाऱ्याचे कान शेवटी त्याचे. सॉकेटच्या दोन छिद्रांत कॅपॅसिटर बदलून बघायची सोय केली. १०० नॅनोवर सीमा ३३९ हर्ट्झ, २२० नॅनोवर १५४. २२० नॅनो त्याला पहिल्या मिनिटाला फार आवडला आणि पूर्ण कॉर्ड वाजवल्याबरोबर नावडला. १०० वर मन बसलं. डायोडांचंही त्याच वेळी उरकलं: त्याने लावलेले १एन४१४८ सिलिकॉनचे, साधारण ०.६ व्होल्टला कापणारे, जर्मेनियम ०.३ च्या आसपास. जर्मेनियम लावले की आवाज जवळजवळ निम्म्या पातळीवर येतो आणि थोडा गोल होतो. त्याला मोठा आवाज हवा होता, सिलिकॉन राहिले. दोन्ही डायोड खरोखर उलटसुलट आहेत का, ते पेडल बंद ठेवून मीटरच्या डायोड मोडवर कळतं: टोकं कशीही लावा, दोन्ही वेळा आकडा यायला हवा. एका बाजूने आलाच नाही तर दोघं एकाच दिशेला तोंड करून बसलेत.

चिपही बदलून बघितली. ७४१ ही १९६८ची रचना, आजच्या मानाने संथ. २१४ पट वाढीला तिची झेप पाचेक किलोहर्ट्झच्या आतच संपते, टीएल०७१ ची चौदापर्यंत जाते. कानाला फरक स्पष्ट होता: ७४१ वरच्या टोकाला मऊ. भाच्याने चिप बदलण्याआधी दोन्हींच्या पायांच्या आकृत्या काढून माझ्यासमोर धरल्या, हे सांगायला हवं.

राहिलेला ठपका

पेटीत बसवल्यावर एक शेवटची गोष्ट निघाली. पायाचा स्विच दाबला की स्पीकरमधून 'ठप्प'. स्कीमॅटिकवर स्विच नव्हताच. डावीकडे 'इन', उजवीकडे 'आउट' असे दोन बाण, एवढंच. नऊ पायांचा स्विच त्याने वेगळ्या आकृतीवरून जोडला होता आणि जोडणी ठीक होती. पण पेडल बायपासमध्ये असताना, म्हणजे गिटारचा सिग्नल सर्किटला वगळून थेट पुढे जात असताना, इनपुटचा १० नॅनो एका बाजूने अधांतरी राहतो. पलीकडच्या बाजूला ४.५ व्होल्ट, कॅपॅसिटरमधून अगदी बारीक गळती, आणि अधांतरी टोक हळूहळू वर चढतं. स्विच दाबल्यावर ते एकदम गिटारला जोडलं जातं आणि साचलेलं सगळं एका झटक्यात उतरतं. उपाय एका भागाचा: इनपुटपासून ग्राउंडला २.२ मेगचा रेझिस्टर, स्विचच्या अलीकडे नव्हे तर बोर्डाच्या बाजूला, म्हणजे बायपासमध्येही तो कॅपॅसिटरला धरून राहतो. आउटपुटला तसा लावावा लागला नाही. तिथे आवाजाचं पॉट आधीपासूनच ग्राउंडला जोडलेलं आहे.